‘पुअर डॅड’ची बाजू

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. व्यासपीठावर एकच माणूस उभा असला तरी आजचं टिपण आम्ही तिघांनी मिळून केलेलं आहे. त्यामुळे बोलताना ‘आम्ही’ म्हणणार आहोत. ते आदरार्थी समजू नका, खरंच अनेकवचन आहे. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी पुन्हा एकदा फोन करून विचारलं, की नक्की याच पुस्तकांवर बोलायचंय ना? म्हटलं, याच.

त्यांची शंका रास्त होती. आपल्याकडे समीक्षा या पुस्तकांच्या वाटेला जात नाही. परीक्षणांच्या पानात ती नसतात, परिसंवादात नसतात. पण ज्या संमेलनात तो परिसंवाद चालू असतो, त्याच मांडवाच्या बाहेर ग्रंथप्रदर्शनात जाऊन पाहा. कवितासंग्रहाच्या टेबलापाशी कवी स्वतः उभा असतो आणि पलीकडे ‘श्रीमंत कसे व्हाल’च्या ढिगापाशी पोरांची गर्दी असते. रेल्वे फलाटावर, एसटी स्टँडवर तीच पुस्तकं. फुटपाथवर तर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, चोरून छापलेल्या प्रती मिळतात. मराठीत किती लेखकांना कुणी चोरून छापण्याच्या लायकीचं समजतं, ते तुम्हीच सांगा. (हशा)

तेव्हा ही पुस्तकं वाचली जातात, आणि गंभीरपणे, पेन्सिलीनं खुणा करत वाचली जातात. ज्या घरात पाठ्यपुस्तकांपलीकडे पुस्तक नाही, त्या घरातही यातलं एखादं असतं. अशा पुस्तकांकडे ‘ते काय साहित्य आहे का’ म्हणून नाक मुरडणं म्हणजे त्या वाचकाकडेही नाक मुरडणं झालं. आम्हाला ते करायचं नाही. आम्हाला ही पुस्तकं पुस्तकं म्हणून वाचायची आहेत: त्यांत पात्रं कोण, निवेदक कोण, कुणाला बोलू दिलंय, कुणाला गप्प बसवलंय. आणि मग ती आपल्या घरात शिरल्यावर काय करतात, ते पाहायचंय.

आधी त्यांचं देणं कबूल करू. मराठी मध्यमवर्गात, आणि मध्यमवर्गात येऊ पाहणाऱ्या घरांत तर जास्तच, पैशाबद्दल उघड बोलण्याची रीत नव्हती. बापाचा पगार किती, कर्ज किती, विमा कुठल्या कंपनीचा, हे मुलांना बाप गेल्यावर कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून कळायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत एवढंच अर्थशास्त्र. अंथरूण शिवायचं कसं, ते कुणी सांगत नव्हतं. या पुस्तकांनी ती कोंडी फोडली. जॉर्ज क्लॅसनचं ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’ १९२६चं. त्यातल्या गोष्टी मुळात छोट्या पत्रकांच्या रूपात होत्या आणि बँका, विमा कंपन्या त्या आपल्या ग्राहकांना वाटत असत. म्हणजे जाहिरातच ती. पण मिळकतीतला दहावा हिस्सा आधी बाजूला काढ आणि मग खर्चाला हात घाल, हा त्यातला सल्ला शंभर वर्षांनीही शिळा झालेला नाही. आमच्यातला एक जण तो पाळतो, असं त्याचं म्हणणं आहे. चक्रवाढ व्याज तुमच्या बाजूनं चालतं तसं क्रेडिट कार्डावर तुमच्या विरुद्धही चालतं, हे कुठल्याही शाळेपेक्षा या पुस्तकांनी जास्त लोकांना शिकवलं असेल. याबद्दल त्यांचे आभार मानून पुढे जाऊ.

पुढे म्हणजे ‘रिच डॅड पुअर डॅड’कडे. रॉबर्ट कियोसाकी आणि शॅरन लेक्टर यांचं हे पुस्तक १९९७ साली आलं. मराठीतही आलं आणि अजून खपतंय. याच्यावर आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत, कारण या जातीच्या पुस्तकांत गोष्ट म्हणून ही सगळ्यात जमलेली आहे.

गोष्ट हवाईत घडते. निवेदकाला दोन बाप. एक जन्मदाता: खूप शिकलेला, डॉक्टरेटवाला, सरकारी शिक्षणखात्यातला मोठा अधिकारी, आणि तरी आयुष्यभर पैशाच्या चणचणीत. दुसरा मित्राचा बाप: आठवीसुद्धा पुरी न केलेला, दुकानं आणि धंदे चालवणारा, पुढे हवाईतल्या बड्या धनिकांपैकी एक होणारा. नऊ वर्षांचा नायक मित्राच्या बापाच्या दुकानात तासाला दहा सेंटवर काम करतो आणि त्याच्याकडून ‘पैशासाठी काम करू नकोस, पैशाला तुझ्यासाठी कामाला लाव’ या धर्तीचे धडे घेतो. मालमत्ता म्हणजे जी खिशात पैसे टाकते, देणं म्हणजे जे खिशातून पैसे काढतं. राहतं घर ही मालमत्ता नव्हे. एवढा ऐवज आहे, बाकी त्याची आवर्तनं.

हा श्रीमंत बाप खरंच होता की काल्पनिक, यावर अमेरिकेत बरीच शाई खर्ची पडली आहे. आम्हाला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. काल्पनिक असला तरी चालेल; इसापाचा कोल्हा तरी कुठे खरा होता? पण कल्पित म्हणून वाचायचं तर कल्पिताचे नियम लावू. श्रीमंत बाप या पुस्तकात कधी आजारी पडत नाही. त्याचा एखादा धंदा बुडून घरी सांगायची लाज वाटली, असा प्रसंग नाही. त्याच्या दुकानांत राबणारी माणसं आहेत, पण ती पगाराबद्दल कुरकुर करतात एवढंच आपल्याला कळतं, आणि तेही मालकाच्या तोंडून. त्यांना घरी किती पैसे लागतात, किती मिळतात, हा हिशोब पुस्तकात नाही, हे हिशोबाचं पुस्तक असूनही. सगळ्या आकृत्यांत बाण मालकाच्या खिशाकडे येतो. तो निघतो कुणाच्या खिशातून, हे रेखाटलेलं नाही.

आणि गरीब बाप? तो बोलतो, पण फक्त खोडून काढण्यापुरता. त्याचं प्रत्येक वाक्य हे श्रीमंत बापाच्या पुढच्या वाक्यासाठी तयार केलेलं पाडण्याचं लाकूड आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कियोसाकींचे खरे वडील, राल्फ कियोसाकी, हवाई राज्याच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होते. १९७० साली त्यांनी उपराज्यपालपदाची निवडणूक लढवली, रिपब्लिकन पक्षातर्फे, म्हणजे सत्तेवर असलेल्या डेमोक्रॅट गव्हर्नरच्या विरुद्ध. ते हरले, आणि सरकारी नोकरीतली त्यांची कारकीर्द तिथे संपली. लेखकानं स्वतः इतरत्र याबद्दल लिहिलंय. आता विचार करा. एक वरिष्ठ अधिकारी पन्नाशीत, ज्यांच्या हाताखाली नोकरी केली त्यांच्याच विरुद्ध जाहीरपणे उभा राहतो आणि त्याची किंमत मोजतो. एखाद्या कादंबरीकाराला हा ऐवज मिळाला असता तर त्यानं यावर चारशे पानं लिहिली असती. ‘सुरक्षित नोकरीला चिकटून बसणारा’ असा जो गरीब बापाचा साचा या पुस्तकानं जगभर पोचवला, त्या साच्यात हा माणूस बसतच नाही. त्यानं धोका पत्करला. फक्त तो धोका पैशासाठी नव्हता, म्हणून या पुस्तकाच्या वहीत त्याला रकाना नाही.

आता हे पुस्तक आपल्याकडे येतं तेव्हा काय होतं ते पाहू. वाचणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. बाप जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, नाहीतर एसटीत वाहक, नाहीतर कारखान्यात पाळीवर. पुस्तक मिटवून तो जेवायला येतो आणि समोर बसलेल्या माणसाकडे बघतो. त्याला आता त्या माणसासाठी एक तयार नाव मिळालेलं असतं. ‘आमचे पप्पा टिपिकल पुअर डॅड आहेत’ हे वाक्य आम्ही तिघांनीही वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. बोलणारी मुलं वाईट नव्हती. उलट हुशार होती, घरावर जीव असलेली होती. पण बापाला ‘समजून घ्यायची’ एक सोपी गुरुकिल्ली त्यांच्या हाती आली होती, आणि ती कुलूप उघडण्याऐवजी लावायच्या कामी येत होती.

आमचं आजचं म्हणणं मुख्यतः याबद्दल आहे. या पुस्तकांतली आकडेमोड चुकली तर दुरुस्त करता येते. पण बापाची गरिबी हा बापाच्या डोक्यातला दोष आहे, असं एकदा मनात बसलं की ते निघत नाही.

त्या बापाचं ताळेबंदपत्रक मांडून बघू या, त्यांच्याच पद्धतीनं. भविष्य निर्वाह निधी कापला जातो. एलआयसीचा हप्ता जातो. पतपेढीचं कर्ज आहे, बहिणीच्या लग्नाचं. गावाकडे म्हातारे आईवडील, त्यांच्या औषधांचे पैसे. घराचा हप्ता. कियोसाकींच्या व्याख्येनं हे सगळं ‘खिशातून जाणारं’. आणि मुलगा? त्याला नोकरी न करता दोन वर्षं काहीतरी स्वतःचं करून बघायचंय. ही दोन वर्षं कुणाच्या खात्यावर पडतात? राहायला छप्पर, दोन वेळचं जेवण, धंदा बुडाला तर परत यायला दार. या पोराचं सगळं धोका-भांडवल म्हणजे तो चिकटून बसलेला पगार आहे. घर ही मालमत्ता नाही हे वाक्य रोख रकमेच्या वाहत्या हिशोबात बरोबर असेल. पण ज्यांचं बालपण पागडीच्या खोलीत किंवा झोपडपट्टीत, आज नोटीस येईल की उद्या, या धास्तीत गेलंय, त्यांना विचारा. घर म्हणजे पत्ता. पत्त्यावर रेशनकार्ड, पत्त्यावर शाळेचा दाखला, पत्त्यावर बँकेचं खातं. ते खिशात पैसे टाकत नाही, पण खिसा शिवलेला ठेवतं.

आणि पेन्शन. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. बाजाराशी जोडलेली अंशदायी योजना आली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी, शिक्षक, आरोग्यसेवक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, ते आपल्याला आठवत असेल. त्या मागणीचा राज्याच्या तिजोरीवर किती भार पडतो, यावर मतभेद असू शकतात, आमच्या तिघांतही आहेत. पण त्या मोर्च्यातली माणसं ‘गरीब मानसिकते’ची म्हणून रस्त्यावर आली नव्हती. म्हातारपणाचा धोका एकेकट्यानं उचलायचा की सगळ्यांनी मिळून, हा जुना प्रश्न ती विचारत होती. हा प्रश्न श्रीमंतीच्या पुस्तकांत येत नाही, कारण तिथे धोका नेहमी एकेकट्याचाच असतो.

याचं मूळ शोधायला जरा मागे जाऊ. नेपोलियन हिल यांचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ १९३७चं. हवी ती रक्कम नक्की ठरवा, तारीख ठरवा, कागदावर लिहा, आणि तो कागद रोज दोनदा, झोपताना आणि उठल्यावर, मोठ्यानं वाचा. आपल्याकडे नामजपाची सवय असल्यामुळे हे फार परकं वाटलं नसावं. हिल यांचा दावा असा, की पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०८ मध्ये त्यांना यशाचं शास्त्र शोधून काढायला सांगितलं आणि पुढची वीस वर्षं त्यांनी त्यात घातली. या भेटीला खुद्द हिल यांच्या शब्दापलीकडे आधार नाही. कार्नेगी १९१९ साली वारले. हिल यांचा पहिला मोठा ग्रंथ १९२८चा. साक्षीदार गेल्यावर साक्ष निघाली.

पण आम्हाला खटकतं ते वेगळंच. १९३७ म्हणजे महामंदीचा काळ. लाखो अमेरिकन कामगार बेकार होते, आणि ते सगळे एकाच वेळी चुकीचा विचार करायला लागले होते, असं मानणं कठीण आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९३५ मध्ये, अमेरिकेत दोन कायदे झाले होते: एक सामाजिक सुरक्षेचा, ज्यातून पुढे म्हाताऱ्यांना मासिक निवृत्तिवेतन मिळू लागलं, आणि दुसरा कामगारांना संघटना करण्याचा हक्क देणारा. सामान्य अमेरिकन घराची पुढच्या काळातली ऐपत कशातून आली हे बघायचं तर हे कायदे वाचायला हवेत. पण कायद्याच्या पुस्तकावर सोनेरी अक्षरांचं मुखपृष्ठ नसतं.

आणि हिल यांच्या पद्धतीत एक सोय आहे, जी नंतरच्या प्रत्येकानं उचलली. पैसा आला तर पद्धत खरी. नाही आला तर तुमची इच्छा पुरेशी तीव्र नव्हती, मनात कुठेतरी शंका होती. म्हणजे पुस्तक कधीच चुकत नाही. नवस फेडायचा राहिला म्हणून देव कोपला, या युक्तिवादाहून हा वेगळा नाही. फक्त तिथे निदान नारळ स्वस्त असतो.

जाता जाता एक गंमत. २००६च्या ‘द सीक्रेट’ला ज्या पुस्तकातून प्रेरणा मिळाली ते वॉलेस वॉटल्स यांचं ‘द सायन्स ऑफ गेटिंग रिच’, १९१०चं. हे वॉटल्स इंडियाना राज्यात समाजवादी पक्षातर्फे निवडणुकीला उभे राहिले होते. पुस्तक आल्यावर पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या राजकारणातलं काही या परंपरेत टिकलं नाही, विचारानं संपत्ती खेचून घेण्याची कल्पना तेवढी टिकली.

आता ‘माइंडसेट’ या शब्दाकडे. हा शब्द एवढा मराठी झालाय की ‘मानसिकता’ म्हटलं तर पोरं विचारतात, म्हणजे माइंडसेट ना? तो लोकप्रिय करण्यात कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा. त्यांचं पुस्तकही २००६चं. पण त्यांचं मूळ काम श्रीमंतीवर नाहीच. ते शाळकरी मुलांवर आहे. मुलाला ‘तू हुशार आहेस’ म्हटलं तर ते अवघड गणित टाळतं, ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं तर पुन्हा हात घालतं, अशा धर्तीचं. प्रामाणिक काम आहे. त्याची मोठी चाचणी २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली: अमेरिकेतली नववीची सुमारे १२ हजार मुलं, तासाभराहूनही कमी वेळाचा ऑनलाइन धडा. परिणाम दिसला. अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी चारपैकी सुमारे ०.१ अंकानं वर गेली. एवढ्या स्वस्त उपायाला हे वाईट नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, परिणाम एवढुसा. दुसरी, तो सगळीकडे सारखा नव्हता. ज्या शाळांत बाकीची मुलंही अवघड काम अंगावर घ्यायला तयार होती, तिथे तो नीट दिसला. म्हणजे बी चांगलं, पण जमीन लागते. हे ०.१ अंकाचं संशोधन श्रीमंतीच्या शिबिरात पोचेपर्यंत त्याचं ‘मानसिकता बदला, कोट्यधीश व्हा’ कसं होतं, हा आपल्या काळातला एक चमत्कारच म्हणायचा.

आणि गाडी उलट्या दिशेनंही जाते. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला, आपल्या इथलाच, तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर. ४६४ शेतकरी. त्यांची बुद्धीची, एकाग्रतेची चाचणी ऊस तुटण्याआधी घेतली, म्हणजे हात तंग, दागिना गहाण, अशा दिवसांत. आणि तीच चाचणी उसाचे पैसे हातात आल्यावर. माणूस तोच, शेत तेच. पैसे आल्यानंतर तो जास्त नीट विचार करू शकत होता. एका अभ्यासावर सगळा डोलारा उभा करू नये हे आम्हाला कळतं. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला हा निष्कर्ष सांगा, तो म्हणेल, यासाठी परीक्षा कशाला घेतली, आमच्या बायकांना विचारायचं. बिल अडकलेल्या महिन्यांत घरात कोण कसं बोलतं, हे गावाला ठाऊक असतं. श्रीमंतीची पुस्तकं सांगतात की आधी मन बदला, मग पैसा येईल. इथे आधी पैसा आला आणि मन मोकळं झालं.

हे आपल्याला नवीनही नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अविद्येपासून दारिद्र्यापर्यंतची साखळी मांडली. मन आणि धन यांचा संबंध त्यांनी नाकारला नाही, उलट ठामपणे जोडला. पण ती अविद्या शेतकऱ्यानं निवडली होती असं ते म्हणाले नाहीत. कुणी ठेवली, कशासाठी ठेवली, कुठल्या कचेरीत आणि कुठल्या कर्जखतात ती नांदते, हे त्यांनी नावनिशीवार सांगितलं. त्यांनाही शेतकऱ्याची मानसिकता बदलायचीच होती. शिव्याही त्यांनी त्याला कमी दिल्या नाहीत. फरक एवढाच की शिवी दिल्यावर ते त्याच्या बाजूला उभे राहिले.

बाजारात ही पुस्तकं एकटी येत नाहीत, हेही बोलायला हवं. पुस्तक तीनशे रुपयांचं, त्यामागून खेळ, त्यामागून शिबिर, त्यामागून साखळी-विक्रीची बैठक. कियोसाकींनी साखळी-विक्रीच्या धंद्याची भलामण करणारं एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलंय. जिल्ह्याच्या गावातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये, टाय लावलेल्या ‘अपलाइन’समोर, ‘नोकरी म्हणजे गुलामगिरी’ ऐकत बसलेली मुलं आपण पाहिली आहेत. त्यात आपल्या भाच्या-पुतण्यांपैकी कुणीतरी असतंच. तिथे पहिली गिऱ्हाइकं कोण असतात? आत्या, मावशी, शेजारचे काका. म्हणजे ज्या नात्यांवर घर अडीअडचणीला उभं राहतं, ती नाती आधी विकायला काढायची. माणसं टोळीत आणण्यावर पैसे मिळवण्याच्या योजनांना आपल्याकडे १९७८च्या कायद्यानं बंदी आहे, २०२१च्या थेट विक्रीच्या नियमांनी ती पुन्हा स्पष्ट केली. तरी हॉल भरतात.

हॉलची जागा आता मोबाइलनं घेतलीय. वायदे बाजारात, ज्याला पोरं ‘एफ अँड ओ’ म्हणतात, तिथे काय होतं याचा हिशोब सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत व्यवहार करणारे वैयक्तिक गुंतवणूकदार एक कोटीहून अधिक. त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी दोन लाख रुपये. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. दोन लाख म्हणजे आपल्या त्या वाहकाच्या घरात काय असतं, ते वेगळं सांगायला नको. आणि एवढं झाल्यावर मुलाला काय सांगितलं जातं? तुझं ‘ट्रेडिंग सायकॉलॉजी’ कच्चं आहे. घ्या, त्यावरही पुस्तक आहे.

लेखकांचं स्वतःचं काय होतं, तेही बघू. २०१२ साली कियोसाकींच्या एका कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांची शिबिरं भरवण्यात वाटा असलेल्या संस्थेला सुमारे २ कोटी ३७ लाख डॉलर द्या, असा निकाल तिच्याविरुद्ध लागला होता. दिवाळखोरी कंपनीची होती, त्यांची व्यक्तिशः नव्हे. यात बेकायदा काही नाही, आणि त्यांचं पुस्तक कंपनी स्थापन करण्याचे फायदे सांगतंच. मर्यादित जबाबदारीची कंपनी हा कायद्यानं दिलेला आडोसा आहे. तोटा तिथे येऊन थांबतो. आपल्या पोराला पुस्तकातून माइंडसेट मिळतो, आडोसा मिळत नाही. त्याचा तोटा थांबत थांबत बापाच्या पीएफपर्यंत येतो.

मग स्वतःच्या पायावर उभं राहणं ही कल्पनाच टाकून द्यायची का? अजिबात नाही. या सगळ्या पुस्तकांचं गोत्र ज्या नावानं ओळखलं जातं, ते ‘सेल्फ-हेल्प’ हे सॅम्युएल स्माइल्स यांच्या पुस्तकाचं नाव आहे. १८५९चं, डार्विनच्या ‘ओरिजिन’च्याच वर्षातलं. ते कसं जन्मलं हे फार थोड्यांना माहीत असतं. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात दोन-तीन गरीब कामगार पोरांनी संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना शिकवायला सुरुवात केली. ज्याला वाचता येई त्यानं वाचायला शिकवायचं, ज्याला गणित येई त्यानं गणित. पोरं वाढत गेली, जागा पुरेना, तेव्हा त्यांनी कॉलऱ्याच्या साथीत तात्पुरतं इस्पितळ म्हणून वापरलेली एक कळकट खोली भाड्यानं घेतली. ती दुसरं कुणी घेत नव्हतं. मग त्यांनी स्माइल्स यांना ‘चार शब्द सांगायला या’ म्हणून बोलावलं. ही १८४५च्या सुमाराची गोष्ट. त्या व्याख्यानांतून पुढे पुस्तक झालं. म्हणजे व्याख्यानमालेचंच पुस्तक ते, आपल्यासारखं. स्वमदत हे नाव पडलं, पण खोलीत चाललं होतं ते परस्परांचं शिक्षण. पुस्तकात मात्र एकेकटे थोर पुरुष राहिले आणि खोली प्रस्तावनेत गेली. १८६६च्या आवृत्तीत स्माइल्स यांनाच लिहावं लागलं, की शीर्षकामुळे लोक याला स्वार्थाची स्तुती समजतात, पण आता नाव बदलायला उशीर झाला.

आपल्याकडे तोच शब्द दुसऱ्या वाटेनंही आला. बँकेच्या कागदावर ‘सेल्फ-हेल्प ग्रुप’ लिहितात, तो म्हणजे आपला बचत गट. नाबार्डनं १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. दहा ते वीस बाया, ठरलेला हप्ता, एक वही. तिथेही दहावा हिस्सा बाजूला काढायचाच धडा आहे. पण हप्ता चुकला तर ‘तुझी इच्छा तीव्र नव्हती’ असं कुणी म्हणत नाही. विचारतात, काय झालं गं? पोरगं आजारी, नवऱ्याची मजुरी बुडाली, हे वहीबाहेर पण बैठकीत बोललं जातं. गटांचं गोडवेगीत आम्हाला गायचं नाही. कागदोपत्री गट आहेत, खासगी मायक्रोफायनान्सचे वसुलीवाले दारात बसवणारी कर्जंही आहेत, आणि गटातल्या किती जणी खरोखर गरिबीबाहेर आल्या, हा प्रश्न उघडाच आहे. पण ‘स्वतःला मदत’ या शब्दात दुसरी माणसं असू शकतात, एवढं त्या वहीत दिसतं. ती बाई संध्याकाळी घरी जाते तेव्हा त्याच घरात तिचा मुलगा ‘रिच डॅड’ वाचत बसलेला असतो. दोघंही ‘सेल्फ-हेल्प’च करत असतात, आणि दोघांचं त्याबद्दल कधी बोलणं होत नाही.

शेवटी, कुणी विचारेलच की मग यातलं वाचायचं कुठलं. मॉर्गन हाउसेल यांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’, २०२०चं, हे आम्हाला त्यातल्या त्यात बरं वाटतं. नशीब आणि धोका यांना त्यात एक अख्खं प्रकरण दिलंय. बिल गेट्स ज्या शाळेत शिकले तिथे १९६८ मध्येच मुलांना संगणक वापरायला मिळत होता, तसा जगात फार थोड्या मुलांना मिळत असे. आणि त्याच शाळेतला त्यांच्याइतकाच हुशार मित्र, केंट एव्हान्स, शाळकरी वयातच गिर्यारोहणात अपघातानं गेला. लेखक दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो. श्रीमंताच्या गोष्टीत न झालेल्या श्रीमंताला जागा देणारं या जातीतलं दुसरं पुस्तक आम्हाला भेटलं नाही. तक्रार एवढीच, की गेट्स यांना ज्या शाळेनं संगणक दिला तशी शाळा सगळ्यांना का नसावी, या दारापर्यंत लेखक येतो आणि परत फिरतो.

चिठ्ठ्या बऱ्याच जमलेल्या दिसताहेत. पहिली आहे: ‘माझ्या मुलानं हे पुस्तक मला वाढदिवसाला भेट दिलं, मी काय करू?’ वाचा की, सर. पेन्सिल घेऊन वाचा, समासात तुमचा हिशोब लिहा, आणि पुस्तक त्याला परत द्या. दुसरी चिठ्ठी घेऊ या.